आपण म्हणजे कोण

पालिकेत त्यांना सगळे पेन्सिलकाका म्हणत. सभागृहात बोललेला शब्दन् शब्द ते लघुलिपीत टिपून घेत, आणि तोही पेन्सिलीनेच. पेन ऐन भांडणात दगा देतं, असं त्यांचं मत होतं. आणि भांडणाशिवाय सभा क्वचितच संपे. एकतीस वर्षांत चारदा सत्ता पालटली. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन्ही पक्षांचं एका गोष्टीवर मात्र एकमत होतं. काकांनी लिहिलं, म्हणजे ते बोललं गेलं.

गेली दोन वर्षं काकांचा डावा कान पार गेला होता. उजवाही कुरकुरत होता. हे फक्त काकूंना ठाऊक होतं. काका आता माणसांच्या ओठांवरून शब्द उचलत आणि वहीकडे न बघता लिहीत. सभासदांना वाटे, म्हातारपणी काका आपलं बोलणं जास्तच मन लावून ऐकू लागलेत. काहींना त्याचा आनंदही होई.

त्या दुपारी मैदानाचा विषय निघाला. शाळेसाठी राखलेली जागा एका बिल्डरला कशी मिळाली, कुणाच्या सांगण्यावरून मिळाली, म्हणून विरोधकांनी सभागृह डोक्यावर घेतलं. गोंधळ आवरेना, तेव्हा माइक बंद केले गेले. माइक बंद, म्हणजे ध्वनिमुद्रणही बंद. नेमके तेव्हाच बांधकाम समितीचे प्रमुख उठले. सत्ताधारी पक्षाचे, जुने, शांत गृहस्थ. कागदावर सही त्यांचीच होती आणि दोन तास सगळे त्यांनाच झोडपत होते. ते वैतागून म्हणाले, "आपण सांगितलं, म्हणून मी सही केली."

आणि खाली बसले.

विरोधक म्हणाले, हे 'आपण' अध्यक्षांना होतं, आदराने म्हटलेलं. म्हणजे जागा अध्यक्षांनीच देववली. सत्ताधारी म्हणाले, छे, आपण म्हणजे आपण सगळ्यांनी, अख्ख्या सभागृहाने. ज्यांनी ते म्हटलं होतं, त्यांच्या छातीत दुसऱ्या दिवसापासून दुखू लागलं. ते कुणाला भेटेनात. चौकशी समिती बसली. साक्षीला उरले पेन्सिलकाका. वहीत नुसतं 'आपण' होतं.

सत्ताधाऱ्यांचा माणूस घरी आला. चहा घेतला, काकांच्या अक्षराचं कौतुक केलं. मग म्हणाला, नुसत्या एका कंसाचा तर प्रश्न आहे, 'आपण'च्या पुढे कंसात 'सर्वांनी' घाला. तो गेल्यावर काकूंनी कप उचलले. "गोड बोलतो हो. कंस आणि मामा दोन्ही एकदमच आले घरात."

मग धाकटा भाऊ आला. तो वीस वर्षं विरोधी पक्षाची पत्रकं वाटत आणि भिंती रंगवत आलेला. त्याला पक्षाने काहीच दिलं नव्हतं, म्हणून त्याची निष्ठा आणखीच कडवी. तो काकांच्या डाव्या बाजूला बसला, त्यामुळे त्याला सगळं दोनदा सांगावं लागलं. त्याला वाटलं, दादा विचार करतोय.

"दादा, तू ऐकलंस ना? मग झालं तर. तेवढंच सांग."

साक्षीच्या सकाळी काकू सदऱ्याला इस्त्री करत होत्या. काका समोर बसले होते, काकूंचे ओठ दिसतील असे.

"ऐकलं म्हटलं की विषय संपतो," काका म्हणाले.

"मग म्हणा."

"ऐकलं नाही गं. पाहिलं."

काकूंनी इस्त्री उभी केली. पाहिलं म्हटलं, की लोक विचारणार, कान होते ना, मग पाहत कशाला होता. मग दोन वर्षांची इतिवृत्तं कुणी खरी मानायची? एकतीस वर्षांत कमावलेलं नाव एका उत्तरात जाईल. हे दोघांनाही दिसत होतं. काकूंनी कॉलर पुन्हा एकदा दाबली आणि सदरा हातात दिला.

समितीत दोघे इकडचे, दोघे तिकडचे आणि मध्ये एक निवृत्त न्यायाधीश. त्यांनी विचारलं, "तुम्ही तो शब्द स्पष्ट ऐकलात?"

"नाही साहेब. मला नीट ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली."

मागच्या बाकावरून धाकटा भाऊ उठून उभाच राहिला.

काका पुढे सांगत राहिले, शांतपणे, लिहून घेणाऱ्याला सांगावं तसे. शब्द ओठांवरून घेतला. 'आपण सगळे' म्हणताना माणूस सभेकडे वळतो, हात फिरवतो. त्यांनी तसं केलं नाही. ते अध्यक्षांकडे बघत होते. शब्द उच्चारताना त्यांची मान किंचित लवली. "एवढं पाहिलं. कंसात काय घालायचं, ते माझं काम नाही."

दुसऱ्या दिवशी सत्ताधाऱ्यांनी 'बहिरा साक्षीदार' म्हणून पत्रक काढलं. विरोधकही काकांची बाजू घेईनात, कारण दोन वर्षांतली त्यांची भाषणंही याच वहीतली होती आणि तीही आता संशयात आली होती. समितीत दोन विरुद्ध दोन झालं आणि न्यायाधीशांनी दोन्ही मतं अहवालात लिहिली. जुनी इतिवृत्तं ध्वनिमुद्रणाशी ताडून बघायचं ठरलं. तोवर काकांनी घरी बसायचं.

धाकटा महिनाभर फिरकला नाही. साक्षीनंतर जाताना एवढंच म्हणाला होता, "पाहिलं तेवढं सांगायचं होतंस. कान कशाला काढलेस मध्ये?"

काका घरात भाजी निवडायचे. पेन्सिलींना त्यांनी उगाचच टोकं करून ठेवली होती.

एका रविवारी धाकटा दारात आला. हातात इतिवृत्तांच्या ताडणीचा कागद. या वेळी तो काकांच्या समोर बसला, गुडघ्याला गुडघा लावून. शब्द सगळे बरोबर निघाले होते. चूक एकाच प्रकारची होती. अकरा ठिकाणी सभागृह हसलं होतं आणि काकांनी कंसात 'हशा' लिहिलं नव्हतं.

काकांनी त्या अकरा जागांवरून बोट फिरवलं. हसणारे मागच्या बाकांवर असत आणि काकांचे डोळे बोलणाऱ्याच्या ओठांवर. "अकरा वेळा," ते म्हणाले. "काय झालं होतं रे तेव्हा?"

धाकट्याने पहिला प्रसंग वाचला. विनोद नेमका सत्ताधाऱ्यांचा होता, म्हणून त्याच्या जिवावर आलं. पण त्याने ओठ नीट हलवत सांगितलं. आमचे सभासद म्हणाले, आमच्या गल्लीत दिवे लागत नाहीत. त्यावर तो त्यांचा जाड्या उठून म्हणाला, तुम्ही इथे रोज लावताय, ते पुरत नाहीत का?

काकांना कळायला क्षणभर लागला. मग ते हसले, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. धाकट्यालाही हसू आवरेना.

"पुढचा सांग," काका म्हणाले, आणि पेन्सिल घेतली.