खालच्या आळीच्या चाव्या

माझ्या स्वयंपाकघरात चुलीच्या वरच्या अंगाला एक खिळा आहे. आळीतल्या सगळ्या बंद घरांच्या चाव्या त्या खिळ्यावर असायच्या. कोणती चावी कोणाची ते कळावं म्हणून प्रत्येक जुडग्याला चिंधी बांधलेली. आळीच्या वरच्या टोकाला आमचा शिंपी राहतो, चिंध्या त्याच्याकडच्याच. हिरवी चिंधी भाऊजींच्या घराची, फुलाफुलांची मास्तरीणबाईंची, पिवळी त्या बँकेतल्या जोडप्याची. मंडळी मुंबईला, ठाण्याला, पुण्याला गेली आणि जाताना प्रत्येकाने हेच म्हटलं, "तुम्ही आहातच." मी आहेच. मी कुठे जाणार होते?

हे गेल्यापासून मी एकटीच राहते. आळीत चुली दोनच, एक शिंप्याची आणि एक माझी. आमच्या मधली घरं सगळी बंद. त्याचं घर डोंगराकडच्या टोकाला, माझं खाडीकडच्या. संध्याकाळी त्याच्या मशीनचा आवाजसुद्धा माझ्यापर्यंत येत नाही.

आता पाण्याचं सांगते, कारण सगळं त्याच्यावरच आहे. आमची आळी उतरती. डोंगरावरचं पाणी शिंप्याच्या वाडीत शिरतं, तिथून खालच्या वाडीत, असं करत करत माझ्या वाडीतून खाडीला मिळतं. दोन वाड्यांच्या मध्ये दगडाचा गडगा, आणि प्रत्येक गडग्याला खाली एक मोरी, पाणी जायला. मी लग्न होऊन आले तेव्हा इथली एक रीत होती. पाऊस लागायच्या आधी मोऱ्या साफ करायच्या, पण आपली आपण नाही करायची. खालच्याची मोरी वरच्याने साफ करायची. का, तर खालच्याची तुंबली की पाणी वरच्याच्या घरात शिरतं. ज्याच्या घरात पाणी शिरणार त्याचेच हात चालतात, दुसऱ्याचे कशाला चालतील? आणि ज्याची मोरी साफ झाली त्याने साफ करणाऱ्याला जेवायला घालायचं. तांदळाची भाकरी, फणसाची भाजी आणि सुक्या जवळ्याची चटणी. त्या दिवशी आळीभर भाकऱ्यांचा वास असायचा.

मग घरं बंद झाली. गडगे पाडून चिऱ्याच्या भिंती आल्या आणि मोरीच्या जागी पत्रा ठोकलेली लोखंडी फाटकं. का म्हणाल, तर गुरं शिरतात, सुपारी चोरीला जाते. फाटकांना कुलपं, त्यांच्या चाव्याही माझ्याकडच्याच जुडग्यांत. पाऊस जोराचा असला आणि त्यात अमावास्येचं नाहीतर पौर्णिमेचं उधाण आलं की खाडी पाणी घेत नाही, उलट आत ढकलते. म्हणून भरती चढायच्या आत, ओहोटी असतानाच फाटकं उघडावी लागायची. ते काम माझं. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात चाव्यांचे जुडगे. माझ्यापासून सुरुवात करून वर शिंप्यापर्यंत जायचं, एकेक फाटक उघडत. पाणी मोकळं झालं की माझ्याच वाडीतून खळाळत जायचं, माझी अळवाची पानं लोळवून. पण मला ते आवडायचं. बंद घरांशी बोलायचीसुद्धा मी. मास्तरीणबाईंच्या दाराशी थांबून म्हणायचे, "बाई, पाणी सोडते हो तुमच्यातून." कोणी ऐकायला नसलं की माणूस मोठ्याने बोलतं.

माझा मुलगा पनवेलला. दर पावसाळ्यात त्याचं एकच, "आई, इकडे ये. चार महिने तरी ये." आणि माझं उत्तरही एकच, "फाटकं कोण उघडेल?" खरं सांगायचं तर मला त्या प्रश्नाचं उत्तर नकोच होतं.

पण गेल्या पावसाळ्यात मोतीबिंदू काढायला मात्र पनवेलला गेले. चाव्या बरोबर घेतल्या. दुसऱ्याने विश्वासाने दिलेल्या चाव्या बंद घरात टाकून कोणी जातं का? आणि नेमकं तेव्हाच उधाण आलं, त्यात हल्ली पडतो तसा पाऊस, महिन्याचा एका दुपारी. मी सुनेच्या गॅलरीत डोळ्याला पट्टी लावून बसलेली. शिंप्याचा फोन आला. "काकी, पाणी चढतंय. चाव्या कुठे ठेवल्यात?" चाव्या माझ्या मांडीवर होत्या, पिशवीत. मी म्हटलं, "कुलपं फोड." तो म्हणाला, "कुठलं फोडू? पहिल्या फाटकाशीच पाणी छातीला लागतंय." त्याचं मशीन बुडलं. गणपतीसाठी लोकांनी शिवायला टाकलेले कपडे बुडले. बायको आणि पोरीला घेऊन तो माळ्यावर बसून राहिला.

मी परत आले तर कोळीण दारात. ती माझ्याकडे बोंबील घेऊन येते, घ्यायचे असोत नसोत. म्हणाली, "काय गो वयनी, आलीस? गावाला कुलूप लावून गेली हुतीस, न्हाय?" मी हसले. ती हसली नाही. टोपली खाली ठेवून माझ्या डोळ्यात बघितलं तिने. "आता दिसतंय ना बरं?" म्हणाली. बोंबील ठेवून गेली.

यंदा पाऊस लागायच्या आधी शाळेच्या सभागृहात गावाची सभा झाली, पुरासाठी काय करायचं यावर. नगरपंचायतीकडून एक इंजिनीअर मुलगी आली होती. भिंतीवर गावाचा नकाशा लावून तिने नीट समजावलं. पाऊस आता असाच एकदम पडणार, समुद्रही उधाणाला पूर्वीपेक्षा वर येणार, तेव्हा पाण्याशी भांडून उपयोग नाही, त्याला जागा द्यायची. खाडीलगतच्या शेतात भराव टाकायचा नाही, तिथे पाणी पसरू द्यायचं. खाडीकाठची तिवराची झाडं तोडायची नाहीत. विजेचे मीटर वर चढवायचे. उधाणाच्या तिथी चौकात लिहायच्या. कोळीवाड्यातल्या होड्या कुठल्या आळीला जाणार ते आधीच ठरवायचं. शाळेचा वरचा मजला उघडा ठेवायचा. लोक माना हलवत होते. होड्यांवरून थोडी बाचाबाची झाली, ती होतेच.

मग तिने नकाशावर आमच्या आळीला बोट लावलं. "इथे पाणी अडतं. फाटकं कोण उघडतं?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. शिंपी म्हणाला, "काकी उघडतात."

"आणि काकी नसल्या तर?"

मुलगी चांगल्या मनाने विचारत होती. पण मला माझं वय एकदम सगळ्यांच्या तोंडावर दिसलं. शिंपी खाली बघत होता. त्याची पोर पहिल्या ओळीत बसली होती, माळ्यावर बसून राहिलेली तीच.

मीच बोलले. म्हटलं, "फाटकंच काढून टाका. पूर्वीसारख्या मोऱ्या ठेवा. पाण्याला कोणाची वाट बघायला लावू नका." तिने विचारलं, घरमालक तयार होतील का. मी म्हटलं, त्यांना मी फोन करते. बसता बसता मात्र मनात आलं, बाई गं, आता पनवेलला पोराला काय सांगशील?

फोन केले. मास्तरीणबाई लगेच हो म्हणाल्या आणि रडल्या, कशासाठी ते कळलं नाही. बँकेतल्या जोडप्याने विचारलं, भिंत पडणार तर नाही ना, आणि तयार झालं. भाऊजी तेवढे अडले. "अहो वहिनी, चोर येतील हो मागून."

"येऊ देत की. काय नेतील? तुमच्या पलंगाला वाळवी लागलीय, उचलला तर चोराच्याच पायावर पडेल."

"सुपारी नेतील."

"सुपारी गेली चार वर्षं मीच गोळा करतेय भाऊजी, तुम्ही कधी विचारलीत?"

ते हसले आणि हो म्हणाले. वर म्हणाले, "मग वहिनी, आता तुम्हाला काही काम नाही उरलं." चेष्टेत म्हणाले. मीही चेष्टेतच घेतलं.

एका सकाळी फाटकं कापून नेली. मोऱ्या रुंद केल्या, वर मजबूत जाळी बसवली, गुरं शिरणार नाहीत पण पाणी जाईल अशी. मग शिंपी खोरं घेऊन आला आणि रीतीप्रमाणे त्याने खालच्याची मोरी साफ केली. पण त्याच्या खालचं घर बंद, त्याच्या खालचंही बंद, मग तो तसाच करत करत माझ्यापर्यंत आला. मी भाकऱ्या केल्या. आळीभरची रीत आम्ही दोघांनी उरकली. तो जेवला. मी वाढत राहिले, जेवणारं एकच माणूस असूनही.

त्याच संध्याकाळी मुलाचा फोन. "आई, आता तरी येशील ना? आता काय अडलंय?"

काही अडलं नव्हतं. मी म्हटलं, "येते."

निघायच्या दिवशी चाव्या शिंप्याकडे नेल्या. तो म्हणाला, "काकी, मी कपडे शिवू की कोतवाली करू?" पण भिंतीत खिळा ठोकला. एकेक जुडगा लावला. शेवटी मी माझ्या घराची चावी दिली. तिला चिंधी नव्हती, ती कधी लागलीच नव्हती. त्याने मशीनखालची टोपली पुढे केली. "रंग सांगा." मला सुचेना. मग त्यानेच एक निळी काढून बांधली.

आता मी पनवेलच्या गॅलरीत बसून हे लिहिते आहे. सून चांगली आहे, नातू शाळेत जातो, दुपारी घरात कोणी नसतं. काल पौर्णिमेचं उधाण होतं आणि सकाळपासून पाऊस कोसळत होता. हात सारखा पिशवीकडे जात होता. भरतीची वेळ टळल्यावर मी शिंप्याला फोन केला. "पाणी गेलं का रे?"

"गेलं काकी. आपलं आपण गेलं."

"मशीन?"

"मशीन कोरडं. त्यावरच बसलोय, गणपतीची घाई आहे."

मला विचारायचं होतं, माझी अळवाची पानं लोळली का, मास्तरीणबाईंच्या दाराशी पाणी कसं वाजत होतं. पण मशीन चालू झाल्याचा आवाज आला. फोन त्याने बाजूला ठेवला असावा, बंद करायचा राहिला. मी तो आवाज ऐकत बसले, तिकडून कोणी बंद करेपर्यंत.