एडिक्ट… आणि खाली माझी सही

रविवारी दुपारी लेकीचे स्पेलिंग बीचे शब्द घेत होते. सहावीतली पोर… शब्द सांगितला की आधी अर्थ विचारते, मग मूळ भाषा, आणि मग कुठे स्पेलिंग. शब्द आला, ‘एडिक्ट’.

ई-डी-आय-सी-टी, तिने धडाधड म्हणून टाकलं. अर्थ, सरकारी किंवा वरिष्ठांचा अधिकृत हुकूम. मूळ लॅटिन… ‘बाहेर’ आणि ‘बोलणे’ मिळून झालेला शब्द. म्हणजे हुकूम असा की जो सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलून सांगितलाय.

“सो मम्मा, समवन हॅड टू से इट अलाउड? नाहीतर पीपल वोन्ट नो, राइट?”

मी हो म्हटलं आणि यादी मिटून ठेवली. तिला वाटलं आईला कंटाळा आला.

मी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका फॅक्टरीत एचआरला आहे. आमच्याकडे ऑर्डर निघते ती इंग्रजीत, दोन-तीन पानी. शेवटच्या पानावर कामगाराची सही, आणि त्याखाली अजून एक ओळ असते… ‘वरील मजकूर कर्मचाऱ्याला त्याच्या भाषेत समजावून सांगितला आहे.’ तिथे माझी सही.

आठ वर्षं मी हे नेमाने केलं. कॅन्टीनमध्ये उभी राहायचे, आधी हिंदीत सांगायचे, मग आपल्या मराठी पोरांना मराठीत. कोकणातले, साताऱ्याकडचे… सगळे ‘ताई सांगतील ते’ म्हणून निर्धास्त.

दोन महिन्यांपूर्वी अशीच एक ऑर्डर आली, नेमकी सुटायच्या वेळेला. मी इंटरनॅशनल सिटीहून कारलिफ्टने, म्हणजे महिन्याच्या भाड्यावरच्या शेअर गाडीने, येते-जाते, आणि आमचा कारलिफ्टवाला कोणासाठी पाच मिनिटंही थांबत नाही. मी पहिलं पान वरवर चाळलं… ड्यूटीच्या वेळा, सेफ्टी शूज, तेच ते. पोरांना म्हटलं, नेहमीचंच आहे, करा सह्या. स्वतःच्याही सह्या ठोकल्या आणि पळाले.

दुसरं पान मी वाचलंच नव्हतं. त्यात होतं की मोठं काम आल्यामुळे मंजूर झालेल्या रजासुद्धा पुढे ढकलल्या आहेत. कोणाला अडचण असेल तर तीन दिवसांत लेखी द्यावं… नंतर ऐकलं जाणार नाही.

दत्ताराम संगमेश्वरकडचा. पंचेचाळिशीचा, मान खाली घालून काम करणारा माणूस. गेल्या वर्षी त्याची आई गेली तेव्हा त्याला पोचता आलं नाही, अग्नी चुलतभावाने दिला. एकुलता एक मुलगा… वर्षश्राद्ध तरी आपल्या हातून व्हावं म्हणून त्याने सहा महिने आधी रजा मंजूर करून घेतली होती. भटजींना सांगून ठेवलं होतं, भावकीला आवतण गेलं होतं.

निघायच्या आठ दिवस आधी तो कंपनीकडे जमा असलेला पासपोर्ट मागायला माझ्या टेबलाशी आला. मी सिस्टीममध्ये बघितलं… रजा पुढे ढकललेली. फाइल काढली आणि दुसरं पान तेव्हा पहिल्यांदा वाचलं.

त्याला सगळं सांगितलं. तो आवाज चढवेल असं वाटत होतं. चढवला असता तर बरं झालं असतं.

“ताई, तुम्ही बोललात नेहमीचंच आहे… म्हणून केली सही,” एवढंच म्हणाला. मग विचारलं, तारीख दोन आठवडे पुढे मिळेल का? आणि स्वतःच मान हलवली. तिथी काय आपल्यासाठी थांबते थोडीच.

मी मॅनेजरकडे गेले. विनवण्या केल्या. त्यांचं म्हणणं, एकाला सोडलं तर अकरा जण रांगेत येतील. मग मी खरं सांगितलं… मी त्यांना समजावलंच नव्हतं. त्यांनी फाइल माझ्याकडे वळवून माझ्या सहीवर बोट ठेवलं. “मग हे काय आहे? तू खोटी सही केलीस असं मला ई-मेलवर लिहून दे. मी वर पाठवतो.”

जागेवर येऊन मेल लिहिली. चार ओळींचीच. पण त्या चार ओळींत माझी नोकरी होती, आणि माझ्याच व्हिसावर असलेली लेक, तिची शाळा… माझ्या सहीची किंमत मला तेव्हा कळली, आणि ती मी दत्तारामला भरायला लावली. मेल ड्राफ्टमध्येच राहिली. अजून आहे.

तिथीच्या दिवशी दत्ताराम ड्यूटीवर होता. विधी चुलतभावानेच केला. दुपारी तो कॅन्टीनमध्ये जेवायला आला नाही, आणि मलाही त्याला शोधायला जाण्याचा धीर झाला नाही.

या सोमवारी नवी ऑर्डर आली. मी कारलिफ्ट सोडून दिली, म्हटलं जाऊ टॅक्सीने. कॅन्टीनमध्ये उभी राहिले, तिन्ही पानं एकेक ओळ मोठ्याने वाचली, मराठीत सांगितली. सगळ्यांनी भराभर सह्या केल्या.

दत्तारामने कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. नजर वर न करता म्हणाला, “ताई, उद्या देतो. रूमवर एक जण शिकलेला आहे, त्याच्याकडून वाचून घेतो.”

मी म्हटलं, हो, सावकाश द्या.

बरोबरच वागला तो. कुठल्याही कागदावर दुसऱ्याच्या भरवशाने सही करू नये, हे इथे प्रत्येकाने शिकायलाच हवं. त्याला ते मी शिकवलं.