गुडघ्यांवरून काठाला

मी अठरा वर्षं बसमध्ये कंडक्टर होते. मुरगूडच्या रस्त्यावर गाडी कितीही आदळू दे, मी कधी कशाला धरलं नाही. दोन्ही हात तिकिटांत गुंतलेले असायचे, पाय आपोआप सांभाळून घ्यायचे. गेल्या पावसाळ्यात ताप आला आणि आतल्या कानात काहीतरी बिघडलं. कळंब्याच्या वळणावर मी एका म्हाताऱ्या बाईच्या अंगावर पडले. त्यानंतर मला डेपोत खुर्चीवर बसून करायचं काम दिलं. तोल हळूहळू येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. आठ महिने झाले तरी आला नव्हता.

पंचगंगेत फळीसारख्या तरंगत्या बोर्डवर उभं राहून वल्हवायला शिकवतात, हे धाकट्या बहिणीला कुठून तरी कळलं. तिनं स्वतःबरोबर माझंही नाव देऊन टाकलं. डॉक्टरांना विचारलं, तर लाइफ जॅकेट घालून काठाजवळच, शिकवणारा शेजारी असेल तरच जा, म्हणाले. मी मनाशी ठरवलं, आज उभी राहिले तर गाडीवर परत घ्या म्हणून अर्ज करायचा. बहिणीला हे सांगितलं नव्हतं.

त्या दुपारी नेमकं वळवाचं वारं सुटलं. एरवी संथ असणाऱ्या पाण्यावर लाटा उठत होत्या. शिकवणारा तिशीतला होता. तो आधी नकोच म्हणत होता, पण बहिणीनं गळ घातली. गुडघ्यांवर बसा, मग एकेक पाऊल टेका, पायाकडं न बघता पलीकडच्या उसाकडं बघा, असं त्यानं समजावलं. बहीण दोनदा पडली, तिसऱ्यांदा उभी राहिली आणि हसत सुटली.

माझं दुसरं पाऊल टेकायच्या आतच मी पाण्यात जायचे. नाकातोंडात गढूळ पाणी जायचं. पोटावर सरपटत पुन्हा वर चढायचे, पुन्हा पडायचे. शेवटी तो छातीभर पाण्यात उतरला आणि बोर्ड दोन्ही हातांनी दाबून धरला.

"मावशी, आता हलत न्हाय. उठा."

खरंच बोर्ड हलत नव्हता. मी उठले, आणि पलीकडचा ऊस गरगर फिरायला लागला. पाण्यात पडता पडताच मला कळलं, लाटांचा यात काही दोष नव्हता.

वर आल्यावर मी त्याला म्हटलं, मला बसूनच काठाला न्या. त्यानं बोर्डाची दोरी धरून ओढत नेलं. गुडघ्यांवर बसून मी बोर्डाच्या कडा धरून ठेवल्या होत्या.

बहिणीनं टॉवेल दिला. "आक्का, पुढच्या रविवारी वारं कमी असंल की."

"वाऱ्यानं न्हाय पडलो मी."

थर्मासमधला चहा तिनं ओतून दिला, तो मी तसाच हातात धरून बसले. गार झाल्यावर तिनंच कप काढून घेतला.

अर्ज मी केला नाही. पुढच्या रविवारी तिनं विचारलंही नाही. तिचा फोन येईल म्हणून सकाळभर मी फोन जवळ घेऊन बसले होते.