पंच्यातलं बीट

माझ्या अंगात रक्त कमी आहे, असं डॉक्टर एकदाच म्हणाले आणि आमच्या ह्यांनी ते मनावर घेतलं. रिटायर झालेला माणूस, मग काय! रोज सकाळी बीट, गाजर, आल्याचा तुकडा. मिक्सर दमादमाने फिरवायचे. दोनदा थोडा थोडा, मग एकदा लांब. मोटर तापत नाही म्हणे. मग सगळं आपल्या जुन्या पंच्याच्या तुकड्यात घालून मनगटं दुखेपर्यंत पिळायचे. गाळणी काढली की चिडायचे. गाळणीतून नुसतं पाणी उतरतं, हे त्यांचं ठाम मत. मला तो रस मातीसारखा लागायचा. मी तोंड वाकडं केलं की म्हणायचे, “नाक दाब आणि पी.” एवढ्या प्रेमाने छळणारा दुसरा माणूस मी बघितला नाही.

एकदा तसल्याच बिटाने लाल झालेल्या हातांनी हे पॅसेजमध्ये पेपर घ्यायला गेले, तर शेजारीण किंचाळली. रक्त समजून अख्खा मजला गोळा झाला. हे त्यावर कितीतरी दिवस हसत होते.

त्या सकाळी रस पिळून झाला आणि त्यांनी पंचा तसाच खिडकीबाहेरच्या दोरीवर टाकला. एरवी लगेच धुणारा माणूस. छातीत जरा भरल्यासारखं झालंय, मग धुतो, म्हणाले. खुर्चीत बसले ते बसलेच. हॉस्पिटलात डॉक्टरांनी त्यांचे हात बघून आधी विचारलं, ह्यांना लागलंय कुठे? बीट आहे, मी म्हटलं. तेच लाल हात घेऊन ते गेले. ओट्यावरचा भरलेला ग्लास कोणीतरी मोरीत ओतला. दोरीवरचा पंचा मात्र मी तसाच काढून डब्यात ठेवला.

त्यानंतर रोज सकाळी मला मिक्सर ऐकू यायचा. दोनदा थोडा, एकदा लांब. आधी वाटलं, शेजारचा. पण चाळ पाडणार म्हणून शेजारी केव्हाच बिऱ्हाड हलवून गेले होते. मी त्यांच्या कुलूप लावलेल्या दाराला कान लावून आले. वेड लागलंय म्हणा हवं तर! आवाज आमच्याच ओट्याकडून यायचा, आणि आमचा मिक्सर तर मी पिशवीत बांधून माळ्यावर टाकला होता. भीती नाही वाटली. उलट त्या आवाजासाठी मी लवकर जागी व्हायला लागले.

चाळीच्या बदल्यात नव्या टॉवरमधल्या घराची चावी मिळाली. मजला रिकामा झालाय, आता चल, म्हणून लेक मागे लागली. माझा पाय निघेना. ह्यांचा सगळा जन्म नायगावच्या त्या खोलीत गेला. मी गेले तर सकाळी रस पिळून हे हाक कोणाला मारणार? नवं घर त्यांना कोण दाखवणार? लेकीला हे कोणत्या तोंडाने सांगू! गुपचूप सामान बांधलं.

नव्या घरात पहाटे कान लावून पडायचे. लिफ्टचा आवाज यायचा, वरच्यांचा फ्लश. बस. खिडकीतून खाली चाळ दिसायची, भोवती पत्रे ठोकलेली. हे तिथेच राहिले, मी एकटीच वर आले, असं वाटायचं.

शेवटी एका सकाळी मीच उठले. लेकीने आणलेला नवा ज्यूसर बाजूला सारला, आपला जुना मिक्सर काढला. घरात दुधी आणि काकडी तेवढी होती. दोनदा थोडा फिरवला, एकदा लांब. मग डब्यातून तो पंचा काढला. दोरीवरून काढल्यापासून मी त्याला पाणी लागू दिलं नव्हतं. वाळलेल्या चोथ्याने तो पापडासारखा कडक झाला होता. त्यात दुधी-काकडी ओतली आणि पिळायला लागले.

आधी पांढुरका रस उतरला. मग गुलाबी. मग माझी बोटं लाल झाली.

लेक आवाजाने उठून दारात येऊन उभी होती. ग्लासाकडे बघून म्हणाली, “आई, बीट कधी आणलंस?”

“मी नाही आणलं,” म्हटलं, आणि नाक दाबून ग्लास रिकामा केला.