काही तक्रार आहे का?

पेण आणि रोहा, दोन्ही कोर्टांत ज्याला वकील परवडत नाही त्याच्या वाट्याला मी येते. विधी सेवेच्या यादीत नाव आहे ना माझं! सोळा वर्षांत किस्से इतके साठलेत की नवऱ्याने जेवताना ते सांगायला बंदी घातलीय. काल तर मीच ताटावरून उठले, जानूमुळे. पोलीस कोठडीत जायची पाळी आली होती त्याच्यावर. त्याचं शेवटी सांगते. आधी जरा हसून घ्या. आणि ठाणं कुठलं, ते विचारू नका.

खाडीकडची एक मावशी, मिठागरात काम करणारी. पुतण्याच्या मारामारीत तिचा जबाब हवा म्हणून पोलिसांनी तिला ठाण्यात बोलावलं. मी चवताळलेच. तिला समजावलं, साक्षीदार बाईला असं ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी तुझ्या घरी येऊन विचारायचं, कायदाच आहे तसा. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"म्हंजे माझ्या दारात पोलिसांची गाडी? अख्ख्या आळीसमोर? नको गो बाय तुझा कायदा. मीच जाते."

गेली. ठेवणीतली साडी नेसून गेली.

मग तो गडब गावचा भंगारवाला. चोरीची तांब्याची तार विकत घेतल्याचा संशय. मी तेव्हा रोह्याच्या कोर्टात. फोनवर त्याला बजावलं, मी येईपर्यंत नाव-गाव सोडून एक अक्षर बोलायचं नाही, गप्प बसायचा तुमचा हक्क आहे. तीनदा वदवून घेतलं. तासाभराने पोचते तर या गड्याने सगळं सांगून टाकलेलं. चार पानं भरली होती! मी कपाळाला हात लावला.

"अहो वकीलबाई, त्यांनी भजी मागवली. त्यांची भजी खायची नि त्यांच्याशीच बोलायचं नाय? बरं दिसतं का?"

आणि भजीचे पैसे कोणी दिले? यानेच.

अडाणी माणसांचंच असं होतं म्हणाल, तर वरसे गावचा एक कंपनीतला पोरगा ऐका. चांगला ग्रॅज्युएट. चौकशीला बोलावलं, तीन कागदांवर सह्या करून आला. म्हणे सेकंड शिफ्ट गाठायची होती. मी ओरडले, अरे वाचून तरी सही केलीस का?

"मॅडम, कोरे होते. वाचणार काय?"

वर माझ्याकडेच असं बघितलं, की वकीलबाईंना एवढंही कळत नाही!

आता जानू. डोंगराकडच्या वाडीवरचा, रोजंदारीवर जाणारा. एका शेतातला पाण्याचा पंप चोरीला गेला आणि आदल्या दिवशी हा तिथे कामाला होता, एवढाच पुरावा. पण पोलिसांनी एक नियम मोडला नाही, बरं का. अटकेची कारणं लेखी दिली. बायकोला कळवलं. चोवीस तासांच्या आत कोर्टात आणलं. डॉक्टरचा दाखलाही जोडलेला, अंगावर ओरखडा नाही. इतक्या वर्षांत असे नीट कागद मी पाहिले नव्हते. खरं सांगते, मला कौतुकच वाटलं.

पोलिसांना चौकशीसाठी तीन दिवसांची कोठडी हवी होती. मी म्हटलं, झडतीत काही सापडलं नाही, मग कोठडी कशाला? जानू मात्र लटालटा कापत होता. मला कळेना, याला कोणी हात लावला नाही, मग हा एवढा का घाबरलाय? त्याच्या कानात सांगितलं, न्यायाधीश बाई विचारतील ते खरं खरं सांग.

न्यायाधीश बाई नव्या होत्या, तरुण. त्यांनाही ते कापणं दिसलं असावं. त्यांनी पोलिसांना बाहेर थांबायला सांगितलं, दार लावून घेतलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "जानू, आता इथे पोलीस नाहीत. तुला कोणी मारलं का? काही तक्रार आहे का?"

जानूने दाराकडे बघितलं. मग हात जोडले.

"अजून नाय मारलं, बाईसाहेब. आधी तुमाला दाखवून आणू म्हनाले."