उत्तरार्धाची घंटा

आमच्या पंचवटीतल्या उपेंद्रकाकांनी जन्मात बास्केटबॉलला हात लावलेला नाही. तरी अमेरिकेतल्या सामन्याच्या उत्तरार्धात कोण जास्त गुण करणार, याचा कौल ते रोज सकाळी देतात आणि वर आम्हा पुतण्यांना अक्कल शिकवतात. पूर्वार्धात सपाटून मार खाल्लेला संघ उत्तरार्धात पेटतो, हा त्यांचा सिद्धांत. यजमानांना मुहूर्त सांगतात त्याच सुरात सांगतात, त्यामुळे शंका काढायची सोय नाही.

हे खूळ लावलं डेन्व्हरला राहणाऱ्या त्यांच्या मुलानं, मयुरेशनं. मोबाइलवर सामन्यांचे अंदाज लावायचा एक बाजार असतो, त्यात पैसे नसतात, नुसते पॉइंट. 'उत्तरार्धात डेन्व्हरचा संघ सरस ठरेल?' असा प्रश्न. त्याचं 'हो' किंवा 'नाही' चालू भावानं घ्यायचं, बरोबर ठरलं तर पॉइंट वाढतात, चुकलं तर बुडतात. हंगाम संपताना ज्याचे पॉइंट जास्त, त्याची इच्छा दुसऱ्यानं पुरी करायची, अशी बापलेकांची पैज लागली होती. मयुरेशची इच्छा, आईबाबांनी तीन महिने डेन्व्हरला यावं. व्हिसाच्या भानगडीमुळे त्याला इकडे येता येत नव्हतं आणि नात स्वरदा चालायला लागली तरी आजीला ती फक्त मोबाइलमध्येच दिसत होती. काकांची इच्छा, त्यानं अमेरिकेचा विषय पुन्हा काढू नये. घरच्या देवांची पूजा आजवर चुकली नाही, ती म्हातारपणी कशाला चुकवायची?

अडचण एकच होती. तिकडचा उत्तरार्ध आणि इकडची पूजा एकाच वेळी. सोवळ्यात मोबाइलला शिवायचं नाही, पूजेत बोलायचं नाही. मग काकांनी तोड काढली. पूर्वार्ध आंघोळीआधी चहाबरोबर बघायचा. पूजेत घंटा एकदा वाजली की सुधाकाकूंनी 'हो' दाबायचं, दोनदा वाजली की 'नाही'. देवांनी ते कसं चालवून घेतलं कोण जाणे. भिंतीपलीकडे राहणाऱ्या मला मात्र रोजचा कौल दाढी करता करता कळायचा.

हंगामाचा शेवटचा सामना आला. काका थोडेसे पुढे होते, पण आजचा कौल चुकला तर मयुरेश जिंकणार होता. पूर्वार्धात डेन्व्हरनं सपाटून मार खाल्ला. म्हणजे काकांच्या सिद्धांताप्रमाणे डोळे झाकून 'हो'. मी कान लावून बसलो. घंटा वाजली. मग पुन्हा वाजली.

माझा हात गालावरच थांबला. काका सिद्धांत सोडून वागले, हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

डेन्व्हर उत्तरार्धात असा खेळला की विचारू नका. काका हरले, म्हणून गंमत बघायला मी त्यांच्याकडे गेलो, तर काकू मोबाइल हातात धरून रडत होत्या. पडद्यावर काका जिंकलेले.

"अहो, मी मुद्दाम उलटं दाबलं," काकू म्हणाल्या. "तुमचं कधी चुकत नाही, म्हणून 'हो' दाबलं. हरायचं होतं मला. पोरीला एकदा मांडीवर घ्यायचं होतं."

काका सोवळं सोडून आले होते. उपरण्याचं टोक चाचपत ते काकूंजवळ टेकले.

"अगं, मीही मुद्दामच दोनदा वाजवली," ते म्हणाले. "मला काय नातीला बघावंसं वाटत नाही? पण जातो म्हणायला तोंड कुठं होतं? पैज हरलो असतो तर निमित्त मिळालं असतं."

इतक्या वर्षांच्या संसारात दोघांनी एकमेकांना न विचारता केलेली ही पहिलीच गोष्ट असेल, आणि तीही अंगाशी आली. मला हसू येत होतं आणि काकूंकडे बघवतही नव्हतं.

तेवढ्यात मयुरेशचा फोन आला. काकूंनी स्पीकर लावला.

"जिंकलात, बाबा," तो पडेल आवाजात म्हणाला. "ठरल्याप्रमाणे आता अमेरिकेचा विषय काढणार नाही."

"तू काढायचा नाही, असं ठरलंय," काकांनी घसा साफ केला. "मी काढला तर चालतंय. पूजेचं इथे श्रेयस बघेल," त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. " आमची तिकिटं कधीची मिळतात, ते सांग."