केवळाबाईच्या गट नंबरातला 'अ'

अर्धापूरच्या केवळाबाईनं केळीच्या बागेत आयुष्य घातलं, कधी कुणावर ओरडली न्हाई. पण परवा मोबाइलवरच्या एका फॉर्मानं तिचं डोकं फिरवलं. शेतकरी गटाकडून केळीची रोपं हवी तर त्यातच नोंदणी करायची होती. फॉर्म बनवला होता गल्लीतल्याच हरिओमनं, नांदेडला शिकून आलेल्या.

बाईनं जमिनीच्या 'गट नंबर' या शब्दांवर बोट टेकवलं, तर कर्सर उडाला मोबाइल नंबरच्या चौकटीत! बरोबर चौकट धुंडून तिनं ११२/अ लिहिलं, तर फॉर्म म्हणतो, फक्त अंक लिहा.

"मावशी, नुसतं ११२ टाका की," ती मोबाइल घेऊन दारात आली तसा हरिओम म्हणाला.

"का टाकू? ११२/ब दिराचा हाय. अकरा वर्षं तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या, तवा माझा अ सातबाऱ्यावर आला. अन् तुझी चौकट त्याला पुसून राहिली?"

"चौकटीला अंकच कळतात, मावशी."

"मंग चौकटीला शिकव!"

हरिओमनं लॅपटॉप उघडला. फॉर्म बनवताना त्यानं मोबाइल नंबरची ओळ उचलून गट नंबरसाठी खाली चिकटवली होती; तिचा आयडी, म्हणजे चौकटीची ओळखखूण, अन् फक्त अंकांचा नियम तसाच राहिला होता. त्यानं गट नंबरला वेगळा आयडी दिला, चौकटीवरच्या शब्दांचं लेबल त्याला जोडलं, अन् नियमात तिरपी रेघ आणि अक्षरही बसवलं.

बाईनं पुन्हा बोट टेकवलं. ११२/अ फॉर्मानं निमूट घेतलं.

"आता दिराचा ब बी घेतो का बघ," ती फणकारली. "त्याचं बी हक्काचंच हाय."